ओसरीवरील कारखाना

मोटारसायकलचा जन्म कारखान्यात झाला नाही, घरच्या बागेत झाला. गॉटलिब डाइमलर या जर्मन यंत्रज्ञाने १८८२ साली श्टुटगार्टनजीकच्या कानश्टाट गावी एक बंगला विकत घेतला आणि त्याच्या आवारातील काचेच्या उष्णगृहात आपली हत्यारे मांडली. विल्हेल्म मायबाख हा त्याचा सहकारी. दोघे रात्रंदिवस दार लावून आत काहीतरी ठोकीत बसत. हे खोटी नाणी पाडीत असावेत असा बागेच्या माळ्यास संशय आला व त्याने पोलिसांस वर्दी दिली, अशी हकीकत सांगतात. पोलिसांस हत्यारे आणि एक इंजिन एवढाच ऐवज मिळाला. १८८५ साली असेच एक इंजिन लाकडी सांगाड्यात बसवून या दोघांनी जे वाहन सिद्ध केले, ते जगातील पहिली मोटारसायकल म्हणून मानले जाते. तिची शक्ती अवघ्या अर्ध्या अश्वाची होती, आणि ती कलंडू नये म्हणून तिला दोन्ही अंगांनी लहान चाकांचा आधार द्यावा लागला होता. पुढे १९०३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरी हार्ले आणि डेव्हिडसन या तरुणांनी आपली पहिली गाडी केली, तीही डेव्हिडसनांच्या परसातील दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशा लाकडी खोपटात.

घरात जन्मलेल्या या यंत्राने घराशी असलेले आपले नाते पुढे बराच काळ सोडले नाही, एवढ्यासाठी आम्ही ही वंशावळ येथे दिली. उद्योगांचे इतिहास लिहिणारे पंडित कारखान्याच्या कोनशिलेपासून आरंभ करतात आणि ताळेबंदापाशी थांबतात. परंतु गाडी विकली गेल्यावर तिचे जे आयुष्य सुरू होते, त्याची बखर कोणी लिहीत नाही. आपल्या देशात तर ते आयुष्य तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांचे झालेले आहे. आमचे म्हणणे असे की, या देशात जुनी मोटारसायकल टिकली ती जशी कारखान्यांमुळे व बाजारातील मिस्त्रींमुळे, तशीच रविवारी सकाळी ओसरीवर पोते अंथरून तिचे पोट उघडून बसणाऱ्या हौशी मालकामुळे. आणि या मालकाचे ऋण कोणीच मांडलेले नाही.

हौशी मनुष्याने यंत्रास हात घालावा, ही त्या काळच्या निर्मात्यांचीच अपेक्षा होती. इंग्रज कंपन्या गाडीबरोबर जी पुस्तिका देत, ती आजच्या पुस्तिकांप्रमाणे नुसती सूचनांनी व इशाऱ्यांनी भरलेली नसे. तेल केव्हा बदलावे, साखळी किती सैल ठेवावी, इंजिनचे डोके उतरवून आतील काजळी कशी खरवडावी, हे सारे मालकाला उद्देशून लिहिलेले असे. गाडीला हत्यारांची पेटी असे आणि पेटीत खरोखरीच उपयोगाची हत्यारे असत. इंजिनही असे उघडेवाघडे की, कोणता भाग कशास जोडलेला आहे ते डोळ्यांनी दिसावे. अडचण एकच होती, ती पान्यांची. जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीत पान्यावर कोरलेला आकडा नटाच्या डोक्याचा नसून ज्या दांड्यावर तो नट बसतो त्या दांड्याचा असतो. पाव इंचाचा म्हणून घेतलेला पाना म्हणूनच पाव इंचाहून बराच रुंद निघतो, आणि नवशिका दुकानदाराशी भांडावयास जातो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बीएसए कंपनीने एम-२० या जातीच्या एक लाख सव्वीस हजारांवर गाड्या केल्या. युद्ध संपल्यावर अशा लष्करी गाड्यांपैकी कित्येक या देशातच राहिल्या आणि लिलावांतून नागरिकांच्या हाती आल्या. पाचशे घनसेंटिमीटरचे ते मंद, जड आणि अतिशय सोशिक इंजिन म्हणजे हौशी कारागिराची बाराखडीच होय. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. सुटे भाग दुर्मिळ झाले. भाग मिळत नाही म्हणून तो दुरुस्त करावयाचा, आणि दुरुस्त करता करता तो कसा केला गेला असेल हे समजून घ्यावयाचे, असे शिक्षण देशभर आपोआप सुरू झाले. त्यास कोणी शाळा काढली नाही.

पुढे भारतीय सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी रॉयल एनफिल्डची बुलेट पसंत केली, आणि १९५५ साली इंग्लंडातील रेडिचची ती कंपनी व मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. प्रारंभी भाग विलायतेहून येत व मद्रासेस जुळवले जात. काही वर्षांतच ते सर्व तिरुवोट्टियूर येथे होऊ लागले. म्हैसूर येथे रुस्तुम व फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या सहकार्याने आयडियल जावा हा कारखाना काढला. १९६१ साली म्हैसूरचे महाराज व त्या वेळचे राज्यपाल जयचामराज वडियार यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जावा हे नाव बेटावरून आलेले नाही, हे येथे सांगून टाकावे. यानेचेक हा संस्थापक आणि वाँडरर ही ज्या जर्मन कंपनीचा परवाना त्याने घेतला ती कंपनी, या दोन नावांची आद्याक्षरे जोडून १९२९ साली ते तयार झाले. १९७० नंतर म्हैसूरची हीच गाडी येझ्दी या नावाने ओळखली जाऊ लागली.

या दोन गाड्यांनी घरोघरच्या कारागिरांचे दोन पंथ पाडले. बुलेटचे इंजिन चौघाती. सत्तर मिलिमीटर व्यासाचे नळकांडे आणि नव्वद मिलिमीटरची दट्ट्याची चाल, मिळून ३४६ घनसेंटिमीटर. जावाचे इंजिन दुघाती. त्यात झडपा नाहीत, तेल पेट्रोलमध्येच मिसळावयाचे. झडपा नसल्याने जावावाल्याचे काम सोपे असे मानतात. परंतु जळलेल्या तेलाची काजळी धुराड्यात साठून इंजिनचा श्वास कोंडतो, आणि मग आतील नळी काढून शेगडीतील निखाऱ्यांवर भाजावी लागते. ज्या घरी ही शेगडी स्वयंपाकाचीही असे, त्या घरी जावाची दुरुस्ती किती काळ चालली असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. जावाची एक गंमत अशी की, किक मारण्याचा दांडा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की तो किक होतो, खाली आणला की गिअर.

आमच्या घरी १९६७ सालची एक बुलेट आहे. टाकी रिकामी करून, पेंढ्यात व गोणपाटात गुंडाळून, ती आमच्याबरोबर तीन बदल्यांना मालगाडीतून हिंडली. बदलीच्या नोकरीतील वाचकांना हे सांगणे नको की, नव्या गावी भाषा येत नसते, ओळख नसते, आणि जो मिस्त्री म्हणून समोर येतो तो पूर्वी पंप दुरुस्त करीत असतो. अशा गावी मनुष्य स्वतःच पाना हातात घेतो. आम्ही घेतला तो याच कारणाने. पुढे कारण उरले नाही तरी पाना राहिला.

बुलेट सुरू करणे हाच एक विधी आहे. चावी फिरवून किक सावकाश दाबीत जावे. दिव्याशेजारील अँमिटरची सुई ऋण बाजूस कलते आणि एका क्षणी मध्यावर येऊन थांबते. त्या क्षणी दट्ट्या माथ्याजवळ आलेला असतो. मग डाव्या हाताने दाब सोडण्याची कळ ओढून किक किंचित पुढे न्यावी, कळ सोडावी, किक वर येऊ द्यावी, आणि तेव्हा कोठे पायाने पुरता जोर द्यावा. जो मनुष्य सुई न पाहता नुसता जोर देतो त्यास यंत्र उलट लाथ मारते. बळापेक्षा क्षण महत्त्वाचा, हे आमच्या येथील पंधरा वर्षांच्या मुलालाही समजले आहे. त्याच्या पहिलवान मित्रास अद्याप समजलेले नाही.

ठिणगीची वेळ जुळवणे हे त्याहून नाजूक काम. ठिणगी पडते ती दोन लहान बिंदू एकमेकांपासून विलग होतात त्या क्षणी. आणि दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी, सुमारे पाऊण मिलिमीटर खाली असताना, ती पडली पाहिजे. पाऊण मिलिमीटर मोजावयाचे कसे? प्लग काढून त्या भोकातून सायकलचा एक स्पोक आत सोडतात आणि दट्ट्याबरोबर तो वर-खाली होतो त्यावर खूण करतात. आणि बिंदू विलग झाल्याचा क्षण ओळखावयाचा कसा? त्यांच्यामध्ये सिगारेटचा पातळ कागद धरतात. इंजिन हळूहळू फिरवीत असता जेथे कागद अलगद सुटून येतो, तो क्षण. प्रयोगशाळेतील उपकरण याहून सूक्ष्म असेल, परंतु या कामास याहून अधिक सूक्ष्मता लागत नाही. झडपा उचलणाऱ्या दांड्यांचे तर मोजमापच नाही. इंजिन थंड असता दांडा दोन बोटांत धरून फिरवावा. तो मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली मुळीच हलता कामा नये. या दोहोंमधील जागा अंकांत सांगता येत नाही. बोटांना ती कळते, आणि एकदा कळली की विसरत नाही.

बाकीचे काम म्हणजे रॉकेलने भरलेली परात, बिंदू घासण्यास पॉलिश पेपर, आणि सुटे केलेले नटबोल्ट काढल्या क्रमाने मांडण्यास वर्तमानपत्राचे पान. तेल थोपवण्यास बाजूच्या झाकणाखाली जे पॅकिंग लागते, ते लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून उत्तम निघते. परातीवरून घरात काय होते ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

आता एका अवघड विषयाकडे वळतो. हाताला तेल लागणे हे आमच्या पांढरपेशा समाजात फार दिवस कमीपणाचे मानले गेले. लेखणीचा हात निराळा व हातोडीचा निराळा, ही विभागणी आम्ही जन्मावरून केली आणि तिची किंमत शतकानुशतके मोजली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बेळगावात सायकली विकण्याचे व दुरुस्त करण्याचे दुकान चालवले, तेव्हा एका शिकलेल्या मनुष्याने पंक्चर काढावे याचे गावाला नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. त्याच हातांतून पुढे लोखंडी नांगर आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी निघाली. हौशी कारागिरास या थोरवीशी आपले नाते सांगण्याचा अधिकार नाही. पण कचेरीत सही करणारा हात रविवारी काळा झाल्याने मनुष्य लहान होत नाही, हे त्या उदाहरणाने त्यास मिळते.

तथापि हौशी मनुष्याने आपली बढाई मारू नये. दिल्लीच्या करोल बागेतील गल्ल्यांत बुलेट दुरुस्त करणारे जे उस्ताद बसतात, त्यांचे ज्ञान पोटावर पारखलेले असते. आम्हांस एक रविवार लागतो ते ते चहा निवेपर्यंत करतात. हौशी मनुष्याजवळ एकच गोष्ट अधिक असते, ती म्हणजे वेळेचा हिशेब न मागणारी वेळ. उस्तादाला गाडी संध्याकाळी परत द्यावयाची असते, म्हणून तो आवाज बंद करतो. हौशी मनुष्य तो आवाज का आला हे शोधीत तीन आठवडे घालवू शकतो. यांपैकी दुसरे नेहमीच शहाणपणाचे असते असे आमचे म्हणणे नाही.

पण या बेहिशेबी वेळेचे फळ किती दूर जाऊ शकते याचा एक दाखला इतिहासात आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकास इन्व्हरकार्गिल नावाचे गाव आहे. तेथील बर्ट मन्रो या तरुणाने १९२० साली इंडियन कंपनीची स्काउट ही गाडी घेतली. हे नाव वाचून वाचकांनी हुरळून जाऊ नये. कंपनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्डची, आणि नावातील इंडियनही तिकडचेच. सहाशे घनसेंटिमीटरच्या त्या गाडीचा वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर होता. मन्रोने मोटारसायकली विकण्याचे व दुरुस्तीचे काम पोटासाठी केले, परंतु ही गाडी त्याच्या धंद्याबाहेरची. तिच्यावर त्याने चाळीस वर्षांहून अधिक काळ घालवला. दट्टे तो जुन्या डब्यांत धातू ओतून स्वतः घडवी. नळकांडी स्वतः करी. आणि मोजमापास त्याच्याजवळ होता सायकलचा एक जुना स्पोक! ओसरीवर आमच्या हाती असतो तोच. जे भाग फुटत ते तो फेकीत नसे. एका फळीवर मांडून ठेवी, आणि त्या फळीवर त्याने अक्षरे रंगवली होती, ‘वेगाच्या देवास अर्पण’. हा त्याचा देव्हारा होता. त्यात नैवेद्य वाढतच गेला.

१९६२ साली तो ही गाडी घेऊन अमेरिकेत यूटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर गेला आणि ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम करून आला. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याने हजार घनसेंटिमीटरखालील वर्गात ताशी २९५.४५ किलोमीटरचा वेग गाठला. तो १९७८ साली वारला. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २०१४ साली, त्याच्या मुलास त्या वेळच्या सरासरीच्या गणितात चूक आढळली. अमेरिकन संस्थेने ती मान्य करून विक्रम ताशी २९६.२६ किलोमीटर असा दुरुस्त केला. फाइल बंद झाल्यावरही आकडा तपासून पाहणाऱ्या त्या मुलाविषयी आमच्या वाचकवर्गास विशेष आपुलकी वाटेल.

यंत्र उघडून पाहावे की न पाहावे, हा केवळ सवयीचा नव्हे तर स्वभावाचा भेद आहे, असे रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाने १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मांडले. मोटारसायकलची निगा हा विषय नावातच असलेले ते पुस्तक जगभर वाचले गेले. पर्सिगने तरुणपणी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात भारतीय तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता, हे आपल्याकडे थोड्यांस ठाऊक असते. त्याच्या सोबत्याच्या गाडीची मूठ सैल होते, आणि पर्सिग बिअरच्या डब्याच्या पत्र्याची चकती तेथे घालण्यास सांगतो. सोबत्याला ते रुचत नाही. आपली महागडी जर्मन गाडी आणि तिला डब्याचा पत्रा! आमच्या ओसरीवरील लग्नपत्रिका पाहून त्या सोबत्यास काय वाटले असते, असे आम्हांस अनेकदा वाटते.

या साऱ्यास दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवणे अप्रामाणिक होईल. बंदिस्त बाजारात गिऱ्हाइकास पर्याय नव्हता. बुलेटमधून तेल गळे, दिवा मंद असे, आणि वर्षानुवर्षे त्यात सुधारणा होत नसे. कारण गाडीसाठी माणसे रांगेत उभी होती. मालकाने जे ओसरीवर केले त्यातील कित्येक गोष्टी खरे तर कारखान्याने करावयाच्या होत्या. टंचाईने कौशल्य दिले हे खरे, पण म्हणून टंचाईचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याला सकाळी आजारी आईस घेऊन इस्पितळात जावयाचे होते आणि ज्याची गाडी सुरू झाली नाही, त्याला सिगारेटच्या कागदाचे काव्य सांगू नये.

म्हणूनच १९८५ साली हिरो होंडाची शंभर घनसेंटिमीटरची गाडी आली आणि पेट्रोल भरा, टाकी बंद करा व विसरून जा अशी तिची जाहिरात झळकली, तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांचे काही चुकले नाही. चौघाती इंजिन, अल्प पेट्रोल, तेलाचा थेंब नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. इकडे बुलेटची कथा निराळ्याच वाटेने गेली. रेडिचचा मूळ कारखाना १९६७ साली बंद झाला होता आणि काही वर्षांत कंपनीचे इंग्लंडातील उत्पादनच संपले. १९७७ सालापासून मद्रासच्या बुलेट इंग्लंडास निर्यात होऊ लागल्या. रेडिचच्या जुन्या गाड्या घरी दुरुस्त करणाऱ्या तिकडील हौशी मालकांना बरेचसे सुटे भाग अशा रीतीने आमच्याकडून मिळू लागले. विलायती भागांसाठी तरसणाऱ्या आमच्या वडिलांच्या पिढीला हे सांगितले असते तर थट्टा वाटली असती. ते जुने बिडाचे इंजिन २०१० च्या सुमारास मागे पडले, आणि २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी कार्बोरेटरही नव्या गाड्यांतून गेला. आता इंधन किती सोडावयाचे ते विजेचे नियंत्रक ठरवते. धूर कमी झाला, हवा त्या मानाने स्वच्छ राहते, आणि ओसरीवर बसलेल्या मनुष्यास झाकणाखाली पाहण्यासारखे फारसे उरले नाही.

जुन्या गाडीसमोर आता पान्यापेक्षा कायद्याचा प्रश्न मोठा आहे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. दिल्ली परिसरात तर पेट्रोलवरील पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरली, आणि तिचा न्यायालयात पुढेही ऊहापोह झाला. उलट केंद्र सरकारने २०२१ साली नियम करून पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांस निराळी नोंदणी देऊ केली. त्यांच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात, आणि गाडी नित्याच्या वापरास नव्हे तर प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. पंधराव्या वर्षी जी अडगळ, ती पन्नासाव्या वर्षी वारसा. मधल्या पस्तीस वर्षांत तिला कोणी तरी कोठे तरी जिवंत ठेवलेली असली पाहिजे, हे नियमाने गृहीत धरले आहे.

आमच्या बुलेटने पन्नाशी २०१७ सालीच ओलांडली, तेव्हा तिचा प्रश्न वीस हजारांचा आहे. आमच्या शेजारी एक मध्यमवयीन अधिकारी आहेत. त्यांची येझ्दी १९८५ सालची. तिला २०३५ पर्यंत थांबावे लागेल. तूर्त तिच्या क्लचच्या बुचाच्या चकत्या त्यांच्या ओसरीवर एका डब्यात तेलात भिजत पडल्या आहेत, आणि त्या किती वेळ भिजवाव्यात याविषयी त्यांचा व आमचा मतभेद आहे.